मानशीचा दावा आणि मोहोरबंद लिफाफा

आमच्या गावच्या खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतील, मानशीवरून (खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांवरून) चाललेल्या एका दिवाणी दाव्यात गेल्या महिन्यात तडजोड झाली, एवढे गावाला कळले. काय ठरले, हे मात्र कळले नाही. मी नकलेसाठी अर्ज घेऊन गेलो तेव्हा, पक्षकार नसल्यामुळे मला कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल आणि ते जोडूनही तडजोडीच्या अटी मिळणार नाहीत, कारण दोन्ही बाजूंच्या विनंतीवरून तो कागद मोहोरबंद लिफाफ्यात ठेवला आहे, असे सांगण्यात आले. वार्ताहरालाही हेच उत्तर मिळाले असावे, कारण वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली.

प्रतिज्ञापत्राबद्दल माझी तक्रार नाही. न्यायालयीन कागदांच्या नकला त्रयस्थाने माहिती अधिकारातून नव्हे, तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण देऊन मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले आहे. तो निकाल मला फारसा पटत नाही, पण त्यात निदान दार किलकिले राहते. लिफाफ्याचे तसे नाही.

काही कागद झाकलेच पाहिजेत. घटस्फोट, मुलांचा ताबा, कुणाचे आजारपण यांत गावाने डोकावू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 153-ब न्यायालय खुले मानत असतानाच न्यायाधीशाला लोकांचा प्रवेश रोखण्याची मुभा देते, ती अशाच प्रसंगांसाठी असावी. परंतु ही मुभा कुठवर ताणली जाते, हे 1966 च्या मिरजकर प्रकरणात दिसले. मुंबईतील एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात, आपली साक्ष छापून आल्यास धंद्याला फटका बसेल, असे एका साक्षीदाराने म्हटले, आणि न्यायाधीशांनी तोंडी आदेश देऊन ती छापण्यास मनाई केली. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या हिदायतुल्ला यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे 2012 च्या सहारा प्रकरणात प्रसिद्धीवरील बंदी आवश्यक तेवढीच आणि ठरावीक काळापुरतीच असावी, अशी मर्यादा घातली गेली. आमच्या लिफाफ्यावर मुदत आहे की नाही, हे विचारायलाही मला पुन्हा अर्ज करावा लागेल!

माझे एक वकील मित्र म्हणतात की गुप्ततेची हमी नसेल तर तडजोडी होणारच नाहीत. दोन व्यापाऱ्यांच्या हिशेबात ते खरे असेल. मानशीची गोष्ट वेगळी आहे: भरतीच्या वेळी तिची दारे मिटली नाहीत, तर खारे पाणी थेट शेतात शिरते, आणि मासळीसाठी ती किती वेळ उघडी ठेवायची यावरच तर हा वाद होता. ज्यांची भातशेती या पाण्यात जाणार आहे, त्यांतील बहुतेक जण दाव्यात पक्षकार नव्हते. दोघांनी सही केली, म्हणून बाकीच्यांना आपल्या शेतावरचा निर्णय वाचता येऊ नये, हे मला मान्य नाही. न्यायाधीशांनी कागद झाकताना कोणता भाग, कोणाच्या हितासाठी आणि किती काळ, हे आदेशात लिहावे; पक्षकारांची एकवाक्यता हे पुरेसे कारण नव्हे.

सोमवारी मी प्रतिज्ञापत्रासह अर्ज देणार आहे. कोणी कोणाला किती पैसे दिले तो आकडा काळ्या शाईने खोडून द्यावा, मला तो नको. दारे कधी उघडायची आणि कधी मिटायची, एवढेच कलम मी मागितले आहे.