टॅब दाबा, नशीब आजमावा

पुन्हा तेच! विम या टेक्स्ट एडिटरमध्ये टॅब दाबला की प्लगिनने, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, शब्द पुरा करायचा, तर हा बाबा ढिम्म. प्लगिन काढलं, परत टाकलं, बाकीची एकेक करून बंद केली. अर्धा दिवस पाण्यात. चोर सापडला कुठे? जुन्या मशीनवरून उचलून आणलेल्या विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फायलीत: 'सेट पेस्ट'! नाव पेस्ट, आणि उद्योग? इन्सर्ट मोडमधली (मजकूर टाइप करतानाची) सगळी मॅपिंग, म्हणजे टॅबसारख्या कळांना नेमून दिलेली कामं, बंद, ऑटोइंडेंट (नव्या ओळीला आपोआप समास) बंद, एक्स्पांडटॅबही (टॅबऐवजी स्पेस टाकणं) गुल. तेही चकार शब्द न काढता! अरे, एक ओळ एरर टाकायला काय पैसे पडतात? खाली कोपऱ्यात 'इन्सर्ट (पेस्ट)' लिहिलेलं असतं म्हणे. त्या कोपऱ्यात बघतं कोण? वर्षातली ही तिसरी खेप. आणि ती ओळ घातली कोणी? मीच. कशाला, देव जाणे!