शुभ-लाभच्या स्टिकरखाली

सकाळी एका ओळखीच्याची पोस्ट दिसली. तिसरा फ्लॅट विकला, आठ महिन्यांत अकरा लाख सुटले, चाव्या देतानाचा फोटो. मीही सवयीने लाइक ठोकला. मग कमेंट वाचल्या. कुणीतरी विचारलेलं, "बिल्डिंगला ओसी आहे का?" (ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला.) साहेबांचं उत्तर: "नाही, म्हणून तर स्वस्तात पडला." पुढे डोळा मारणारा इमोजी.

त्या इमोजीने दिवस नासला माझा.

आमच्या मावशीने निवृत्तीनंतर डोंबिवलीत असाच फ्लॅट घेतला. ग्रॅच्युइटी आणि गावच्या घरातला हिस्सा, सगळं त्यात. विकणारा तिथे एक दिवसही राहिला नव्हता. मोकळी टेरेस भिंत घालून आत घेतलेली, वर पीओपी, 'टू बीएचके' तयार. एजंट म्हणाला, "टॅक्स पावती आहे, लाइट बिल आहे, आणखी काय पाहिजे? लोनच्या भानगडीत पडू नका, रोखीत दोन लाख कमी करतो." बँक का नको, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. टॅक्स भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नसतं, हे आम्हाला नंतर कळलं.

दारावर शुभ-लाभचं मोठं स्टिकर होतं. मावशीला फार आवडलेलं. पहिल्या पावसाळ्यात ते सुटलं, आणि खाली जुन्या नोटिशीचा डकवलेला कागद अर्धा शिल्लक. 'कलम ५३' एवढं वाचता आलं. म्हणजे एमआरटीपीची, राज्याच्या नगररचना कायद्याची नोटीस, अनधिकृत बांधकाम काढा म्हणून. विकणाऱ्याने ती फाडली, उरलेल्यावर शुभ-लाभ चिकटवलं आणि घर माझ्या मावशीच्या गळ्यात मारलं!

आता ज्ञान पाजळायला येतील, मावशीने कागद बघायला हवे होते. हो, हवे होते. आणि मोडकं घर घेऊन, मंजुऱ्या काढून, नीट करून विकणारेही असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण कागद बघूनही काय? कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारती आठवा. बनावट परवानग्यांवर रेरा नंबर, म्हणजे गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी, मिळवलेल्या. २०२४ मध्ये हायकोर्टाने पाडायला सांगितल्या, तेव्हा रस्त्यावर कोण आलं? हप्ते फेडणारी माणसं. विकणारा कधीच 'एक्झिट' झालेला.

आणि हे नुसतं पैशांपुरतंही नाही हो. २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अनधिकृतच होती. मावशीच्या टेरेसवरच्या भिंतीचं वजन खालचा स्लॅब पेलतो की नाही, कुणी तपासलंय? ती त्याच खोलीत झोपते.

दुपारपासून त्या पोस्टवाल्याला सुनवायला तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तोही नोकरी सांभाळून दोन पैसे बघतोय, वाईट माणूस नाही तसा. पण त्याच्याकडून घर घेणारं जोडपं फोटोत किती खूश दिसतंय. बाईंच्या हातात कलश आहे. मागे दारावर काहीतरी चिकटवलंय. फोटो मोठा करून करून बघितला, कळत नाही काय ते.

लाइक काढून टाकला.

मग मावशीला फोन केला. नोटिशीचं काय झालं विचारायला केला होता, पण तीच आधी म्हणाली, "अरे, दिवाळीच्या आधी रंग काढून घेऊ का रे घराला? का थांबू?"