चित्रपटातून कापलेले पंचवीस सेकंद

‘कलात्मक चित्रपट परदेशी पुरस्कारांसाठी बाईला उघडे करतात, पूर्वी आपल्या पडद्यावर असले काही नव्हते, ही दृश्ये कापली तर कथेचे काही बिघडत नाही, आणि गावच्या लेकीबाळींना त्रास होतो तो यांच्यामुळेच,’ अशा आशयाचा मजकूर सध्या आमच्या चामोर्शी तालुक्यात मोबाइलवरून फिरतो आहे. तो पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसे आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटते.

‘पूर्वी नव्हते’ हे चूक आहे. १९३३ सालच्या ‘कर्मा’त देविका राणी आणि हिमांशू राय यांचे दीर्घ चुंबन आहे. त्याहून जवळचा दाखला आमच्याच तालुक्यातल्या मार्कंड्याच्या प्राचीन देवळाचा. महाशिवरात्रीच्या जत्रेत माझी आजी वैनगंगेत आंघोळ करून ओल्या लुगड्यानिशी देवळाला फेरी घालायची. त्याच भिंतींवर मिथुनशिल्पे आहेत, आणि त्यांच्यापाशी आल्यावर घरातल्या कोणी आम्हा पोरांचे डोळे झाकल्याचे मला आठवत नाही. सगळे देऊळच समोर असायचे, शिल्पे त्यातच दिसायची.

पुरस्कारांचे म्हणाल, तर ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ साली आपल्याच गोव्याच्या महोत्सवासाठी आपल्याच परीक्षकांनी निवडला होता आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला.

‘कापले तरी चालेल’ हा मुद्दा जास्त विचार करण्याजोगा आहे, कारण काही चित्रपटांच्या बाबतीत तो खरा आहे. परंतु ‘बँडिट क्वीन’मध्ये फुलनला विवस्त्र करून गावादेखत विहिरीवर पाणी आणायला लावतात, ते दृश्य काढले तर तिच्या पुढच्या संतापाचे मूळच दिसेनासे होते. ते दृश्य वासना चाळवत नाही, अत्याचाराची घृणा उपजवते, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या चित्रपटाचे प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र कायम केले. त्याआधी १९७० साली, दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात, एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटांचे पूर्वपरीक्षण, म्हणजे प्रदर्शनाआधीची सेन्सॉरची तपासणी, वैध ठरवतानाच, विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहावे, असे सांगितले होते. खुद्द फुलनदेवींनी मात्र या चित्रपटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे: जिवंत बाईवरचा अत्याचार पडद्यावर आणायचा तर तिला विचारायलाच हवे. नटीच्या संमतीचेही तसेच. फिरणाऱ्या मजकुरात या संमतीबद्दल एक शब्दही नाही.

राहिला लेकीबाळींचा मुद्दा. असला चित्रपट चामोर्शीत कधी लागल्याचे मला आठवत नाही. इथे पोहोचतो तो त्याचा तुकडा. मागच्या दिवाळीत पानठेल्यावर चार पोरे एका मोबाइलवर वाकली होती. ‘पार्च्ड’ या हिंदी चित्रपटातले पंचवीसेक सेकंद होते, वर फक्त नटीचे नाव. मूल होत नाही म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या लज्जोला पहिल्यांदाच कोणी पुरुष मायेने हात लावतो, असा तो प्रसंग. पण मार कापलेला, नवरा कापलेला, लज्जो हे नावही कापलेले. असा तुकडा पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी चित्रपटाबद्दल विचारले, तेव्हा एक जण म्हणाला, “पुरा पिक्चर कोन पायते गा?” मग तिथेच उभ्याने मी त्यांना लज्जोची गोष्ट सांगितली. मोबाइल खिशात गेला, आणि त्यातल्याच एकाने विचारले, “मंग पुढं काय झालं तिचं?”