26/11 ला पोलीस 'बघत बसले' नव्हते

नोव्हेंबर आला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सार असा: 26/11 ला मुंबई पोलिसांनी काहीच केलं नाही. लढाई सुरू झाली ती दिल्लीचे कमांडो आल्यावर, आणि तेही रेंगाळत आले. म्हणून दहा जणांना आवरायला 60 तास लागले. तेव्हा दहशतवादाशी लढायला एकच केंद्रीय दल ठेवा, बाकीच्यांना बाजूला करा.

पोलिसांनी काहीच केलं नाही? जिवंत सापडलेला एकमेव हल्लेखोर कसाब पकडला गेला तेव्हा एनएसजी, म्हणजे तेच दिल्लीचे कमांडो, मुंबईत पोहोचलीसुद्धा नव्हती. चंदेरी स्कोडा, आत दोघे बंदूकधारी, असा निरोप नियंत्रण कक्षाने वायरलेसवर दिला आणि डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी करून ती गाडी अडवली. मागे वळवायच्या नादात ती दुभाजकावर अडकली. नाक्यावरचे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी एके-47 ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून बाकीच्यांना कसाबवर झडप घालता आली. खबर, कक्ष, वायरलेस, नाका ही साखळी जिथे जुळली तिथे यश आलं. याला 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चुकलं मात्र बरंच. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने ते नोंदवलं आहे. अशा हल्ल्यात कोणी कुठे थांबायचं हे ठरलेलं होतं. गुन्हे शाखेच्या सहआयुक्तांनी घटनास्थळी असायचं होतं, त्यांना नियंत्रण कक्षात बसवलं गेलं. आयुक्त बराच वेळ हल्ला झालेल्या ट्रायडंट हॉटेलपाशीच राहिले. सगळ्या शहराची सूत्रं एका हातात आहेत असं कोणाला दिसलं नाही. करकरे, कामटे, साळसकर यांच्यासारखे अधिकारी त्या रात्री गेले. धैर्य कमी पडलं नव्हतं, आखणी पाळली गेली नव्हती.

कमांडो रेंगाळले, हेही खरं नाही. एनएसजीचा तळ हरियाणात, मानेसरला. मोठं विमान चंडीगडहून दिल्लीत यायचं, मग मुंबई, मग विमानतळावरून बसने दक्षिण मुंबई. ते ताजमध्ये शिरले तेव्हा हॉटेलचे धड नकाशेही हाती नव्हते. मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी तिथे, तर हवालदार गजेंद्रसिंह यांनी कुलाब्यातल्या नरिमन हाऊसमध्ये प्राण दिले. दोष अंतराचा होता, म्हणूनच 2009 मध्ये मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं उघडली आणि राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभारलं.

टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणाचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. पडद्यावर बघून पाकिस्तानातले सूत्रधार फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात वाहिन्यांना यावरून कठोर शब्दांत सुनावलं.

राहिलं 'एकच दल'. पोलीस हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. 2012 मध्ये दहशतवादविरोधी राष्ट्रीय केंद्राचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि तो बारगळला. पण कायदा बाजूला ठेवला तरी ही मागणी टिकत नाही. हल्लेखोर कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी डिंगीतून उतरले तेव्हा त्यांना आधी कोणी हटकलं? किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. कोण तुम्ही, कुठून आलात, असं विचारलं. त्या संशयाचा पुढे इशारा झाला नाही आणि तासाभरात सीएसटीवर गोळीबार सुरू झाला. आज समुद्रावर नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अशी तीन दलं आहेत, आणि 'सागर कवच' सरावात ती एकत्र उतरतात. चौथं दल उभं केलं तरी रात्री साडेआठला त्या वाळूवर कोळीच असणार. त्याच्या हाकेला फोनवर कोण उत्तर देणार आणि ती हाक किती मिनिटांत नियंत्रण कक्षात पोहोचणार, हे विचारणारा मेसेज मी आनंदाने पुढे पाठवीन.