गिलगिट स्काउट्स : ‘सगळा ब्रिटिशांचाच कट’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे, त्यामुळे दोन ओळींत बोळवण करत नाही. गिलगिट स्काउट्स, म्हणजे काश्मीर संस्थानाच्या उत्तरेकडच्या गिलगिट भागातलं निमलष्करी दल, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप थोडक्यात असा : १ नोव्हेंबर १९४७ ला गिलगिट हातचं गेलं तो स्काउट्सचा ब्रिटिश कमांडंट मेजर विल्यम ब्राऊनचा, म्हणजेच लंडनचा कट होता, स्काउट्स ही नुसती पगारी प्यादी, आणि मी त्यांच्या बाजूचा कीस काढत बसलो आणि इंग्रजांना मोकळं सोडलं.

ब्राऊनला मी साधू ठरवलेलं नाही. काश्मीरच्या महाराजांच्या नोकरीत असताना त्याने महाराजांच्याच गव्हर्नरला, ब्रिगेडियर घनसारा सिंगांना, ताब्यात घेतलं, पेशावरला सरहद्द प्रांताचे मुख्यमंत्री अब्दुल कय्यूम खानांना तार ठोकली आणि पाकिस्तानचा झेंडा चढवला. याला नमकहरामी म्हणायचं तर खुशाल म्हणा. पुढे ब्रिटनने त्याला एमबीई हा किताब दिला, पाकिस्तानने मरणोत्तर सन्मान केला, तेव्हा तुम्हाला वास येणं साहजिक आहे. पण लंडनहून तसा हुकूम सुटल्याचा कागद तुम्हीही पुढे केलेला नाही. आणि समजा, हुकूम होता. तरी पाच-सहाशे बंदूकधारी गडी एका चोवीस वर्षांच्या गोऱ्या पोराच्या सांगण्यावरून उठतील?

इथे या दलाची घडण बघावी लागते. १८८९ मध्ये रशियाच्या धास्तीने इंग्रजांनी गिलगिट एजन्सी पुन्हा उभी केली, १८९१ मध्ये हुंझा-नगर या डोंगरी संस्थानांवर चढाई केली आणि त्याच मुलखातून लेव्हीची, म्हणजे स्थानिक शिपायांची, भरती सुरू झाली. १९१३ मध्ये त्यातून गिलगिट स्काउट्स उभे राहिले. हुंझाची प्लाटून वेगळी, नगरची वेगळी, पुनियाल आणि यासीनच्या वेगळ्या. त्यांचे सुभेदार-जमादार तिथल्याच मीर (संस्थानिक) आणि राजांच्या घराण्यांतले. सुभेदार मेजर बाबर खान नगरच्या राजघराण्यातला होता. त्याचा शब्द शिपाई मोडत नसे, तो काही खांद्यावरच्या फितीमुळे नव्हे. पगार इंग्रजांचा, रक्ताचं नातं मीरांशी, आणि श्रीनगरचे महाराज या हिशेबात कुठेच नाहीत.

१९३५ मध्ये तर महाराज हरी सिंगांनी सिंधूपलीकडचा गिलगिटचा भाग ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना देऊन टाकला. काश्मीरची फौज गिलगिटातून निघून जवळच्या बुंजीच्या ठाण्यात जाऊन बसली. मग १ ऑगस्ट १९४७ ला, पट्ट्याची ४८ वर्षं शिल्लक असताना, इंग्रजांनी मुलूख परत केला. घनसारा सिंग कारभार हाती घ्यायला आले, तेव्हा स्काउट्सनी विचारलं : आता आमच्या पगाराचं काय, नोकरीच्या अटींचं काय? गव्हर्नर श्रीनगरकडे डोळे लावून बसले. तिकडून धड उत्तर आलं नाही. तीन महिने! तुम्हाला ही बाब क्षुल्लक वाटेल, पण मला ब्राऊनच्या तारेपेक्षा ती जास्त बोलकी वाटते. दलाची निष्ठा आपल्याकडे वळवायला एवढी मुदत मिळाली होती आणि ती वाया घालवली. हा दोष तुम्ही लंडनच्या माथी मारणार का?

काश्मीर भारतात विलीन झाल्याची बातमी पोचली आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्याला वेढा पडला. गोळ्या झडल्या, सकाळी घनसारा सिंग शरण आले. श्रीनगरहून मदत येणार कुठून? वाट बुर्झिल खिंडीतून, ती उंची चार हजार मीटरच्या वर, आणि नोव्हेंबरपासून तिथे बर्फच बर्फ.

आता प्याद्यांचा मुद्दा. गव्हर्नर पकडल्यावर गिलगिटात शाह रईस खान यांचं हंगामी सरकार बसलं. बुंजीतल्या महाराजांच्या सहाव्या काश्मीर इन्फंट्रीच्या कॅप्टन मिर्झा हसन खानचा बेत आधीपासून वेगळाच शिजत होता : स्वतंत्र राज्य. ब्राऊनला ते नको होतं. १६ नोव्हेंबरला पाकिस्तानचा पोलिटिकल एजंट सरदार मोहम्मद आलम येऊन पोचला आणि ते सरकार आटोपलं. प्यादी मालकाच्या मनाविरुद्ध सरकार थाटत नसतात. माझ्या मते त्या रात्री गिलगिटात एक नव्हे, दोन कट एकमेकांच्या आधाराने चालले होते.

याचा अर्थ स्काउट्स धुतल्या तांदळासारखे होते असा नाही. बुंजीतल्या शीख शिपायांची झालेली कत्तल, बाल्टिस्तानातलं स्कार्दू पडल्यावर कैद्यांचे झालेले हाल, यावर पांघरूण घालण्याचा माझा इरादा नाही. त्याच स्कार्दूत काश्मीरच्या फौजेच्या लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापांनी सहा महिने वेढा झेलला आणि दाणागोटा, दारूगोळा संपल्यावर १४ ऑगस्ट १९४८ ला शस्त्रं ठेवली. मे महिन्यात द्रास-कारगिलही गेलं होतं. ते परत मिळवायला भारतीय सैन्याच्या जनरल थिमय्यांना झोजिला खिंडीवर रणगाडे चढवावे लागले, तेही नेमके १९४८ च्या १ नोव्हेंबरलाच.

‘भाडोत्र्यांवर एवढं लिहायचं कशाला,’ असंही तुम्ही विचारलंय. कारण हेच स्काउट्स पुढे पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीत मिसळले, आणि १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपल्या जवानांसमोर मुख्यतः तीच पलटण होती. पाकिस्तान तेव्हा जगाला सांगत होता की वर मुजाहिदीन आहेत. त्या शिपायांचे देह घ्यायलाही तो सुरुवातीला तयार नव्हता. कित्येकांचं दफन भारतीय सैन्याने केलं.

चित्राल स्काउट्सबद्दलचा तुमचा प्रश्न रास्त आहे. ते १९०३ चं, वेगळं दल. पण चित्रालची माणसं स्कार्दूच्या वेढ्यातही होती, म्हणून त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहितोय. तिथेही असेच भांडायला या.