बॅटरीसाठीचा मीटर म्हणजे फुकटचा खर्च? मुळीच नाही

सोलरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हायब्रिड इन्व्हर्टरला वेगळा एनर्जी मीटर लागत नाही, महावितरणचा नेट मीटर आहेच. लावायचाच तर सीटी कुठेही अडकवा, उलटी बसली तरी सॉफ्टवेअर बघून घेतं.’ (हायब्रिड इन्व्हर्टर म्हणजे सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा; सीटी म्हणजे वायरीभोवती अडकवायची, प्रवाह मोजून मीटरला कळवणारी कडी.) हे वाचून लोक खरोखरच मीटर गाळायला सांगतात, म्हणून हे उत्तर.

आधी त्यातलं खरं. घराचा सगळा लोड इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर (म्हणजे इन्व्हर्टरमधूनच वीज घेणाऱ्या लाइनवर) असेल, तर ग्रिडकडून काय येतं-जातं ते इन्व्हर्टरला स्वतःच कळतं. पण बहुतेक घरांत गीझर, एसी, पाण्याचा पंप थेट मेनवरच असतात. त्यांनी किती ओढलं हे इन्व्हर्टरला दिसतच नाही. मग बॅटरीने किती द्यायचं ते ठरणार कशावर?

नेट मीटर बिलासाठी आहे. तो सीलबंद असतो, त्याच्या आत हात घालायचा नाही आणि तो तुमच्या इन्व्हर्टरशी बोलत नाही. बॅटरीला क्षणाक्षणाचा आकडा हवा असतो. तो आपला वेगळा एनर्जी मीटर आरएस-४८५ वायरीवरून (म्हणजे इन्व्हर्टरपर्यंत आकडे पोचवणाऱ्या डेटा वायरीवरून) देतो.

‘कुठेही अडकवा’ हा तर सगळ्यात घातक सल्ला. सीटी मेन स्विचनंतर लगेच, पहिल्या लोडकडे वायर वळण्याआधी आणि फक्त फेजच्या वायरीवर बसली पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर वाचन शून्य. उलटी बसली आणि ग्रिडवरून चार्जिंग चालू असलं, तर घर ८०० वॉट ओढत असताना इन्व्हर्टरला वाटतं सोलरचे ८०० वॉट उरलेत. तो ते बॅटरीत भरायला लागतो, ओढ १६०० होते, त्याला ‘उरलेले’ आणखी दिसतात, आणि हे चार्जिंगच्या कमाल मर्यादेपर्यंत चढत जातं.

सेटिंगमध्ये अधिक-उणे चिन्ह उलटवता येतं, हे मान्य. पण थ्री-फेजमधली खरी चूक त्याने सुटत नाही. थ्री-फेजच्या आर, वाय, बी या तीन वायरींपैकी आर फेजवरची सीटी मीटरमध्ये वाय फेजच्या व्होल्टेजशी जोडली गेली, की दोघांत १२० अंशांचा फरक पडतो. २००० वॉटचा गीझर उणे १००० दिसतो. चिन्ह उलटवलंत तर अधिक १०००, म्हणजे तरीही अर्धाच! स्क्रीनवर आकडे हलताना दिसतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

म्हणून इलेक्ट्रिशियन निघण्याआधी एवढं करून घ्याच: सोलर आणि बॅटरी बंद ठेवा, मोठा लोड एकेका फेजवर चालवा. त्याच फेजसमोर, पूर्ण वॉटेज, आयातीच्या बाजूने दिसलं पाहिजे. तिन्ही फेज असे जुळल्याशिवाय बॅटरी चालू करू देऊ नका.