जेट आणि छोटं विमान आदळलं की चूक छोट्याचीच? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लढाऊ जेट आणि छोटं खासगी विमान हवेत धडकलं तर चूक छोट्यावाल्याचीच असते, हे हौशी लोक परवानगी न घेता मिलिटरीच्या हद्दीत घुसतात, फायटरच्या रडारला सगळं दिसतं त्यामुळे त्याच्याकडून चूक होऊच शकत नाही, आणि छोट्या विमानाच्या पायलटने नीट बाहेर बघितलं असतं तर धडक टळली असती. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचा २०१५ चा अपघात दिलाय. मला राग याचा येतो की नेमका हाच अपघात यातला एकेक दावा खोटा पाडतो, तपासाचा अहवाल सगळ्यांना वाचायला उघडा आहे, आणि तरी मेलेल्या माणसांवर ठपका ठेवून लोक मेसेज बिनधास्त पुढे ढकलतायत.

आधी काय झालं ते सांगतो. ७ जुलै २०१५, सकाळी अकराच्या सुमारास, मंक्स कॉर्नर गावाजवळ. शॉ एअरफोर्स बेसवरून निघालेलं एक एफ-१६ लढाऊ जेट चार्ल्सटनला इन्स्ट्रुमेंट अप्रोचची (उपकरणांच्या आधारे उतरायला येण्याची) प्रॅक्टिस करत होतं. बर्कली काउंटीच्या छोट्या विमानतळावरून सेस्ना १५० हे छोटं विमान नुकतंच उडालं होतं, मर्टल बीचच्या दिशेने. जमिनीपासून दीड हजार फुटांच्या आसपास दोघं आदळले. सेस्नामधले दोघंही गेले, एफ-१६ चा पायलट इजेक्ट होऊन वाचला.

"परवानगी न घेता मिलिटरीच्या हद्दीत घुसला."

नाही घुसला. ती मिलिटरीची हद्द नव्हतीच, साधं नागरी आकाश होतं. बर्कली काउंटीला कंट्रोल टॉवर नाही, तिथून चांगल्या हवामानात डोळ्यांनी बघत उडायचं तर कुणाची परवानगी लागत नाही आणि जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्या कंट्रोलरशी बोलायची सक्तीही नाही, हे तिथल्या नियमात स्वच्छ आहे. आपल्याला हे खटकतं कारण आपल्याकडे फ्लाइंग क्लबचं विमान क्रॉस कंट्रीला न्यायचं तरी फ्लाइट प्लॅन भरा, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा नंबर) घ्या, मगच निघा, त्यामुळे "बोलत नव्हता" ऐकलं की आपण लगेच "नियम मोडला" असं धरतो. अमेरिकेत तसं नाही. शिवाय त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपली ओळख सांगणारं यंत्र, चालू होता, उंचीसकट. म्हणजे चार्ल्सटनच्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर तो दिसत होता, आणि कंट्रोलरने एफ-१६ ला त्याची दिशा, अंतर, उंची सांगितलीसुद्धा होती. लपूनछपून उडणारा माणूस ट्रान्सपॉन्डर लावून उडत नाही हो.

आणि हद्द कोण ओलांडतं हे बघायचंच असेल तर १६ नोव्हेंबर २००० चा फ्लोरिडातला ब्रॅडेंटनचा अपघात बघा. मूडी एअरफोर्स बेसची दोन एफ-१६, सराव करायला निघालेली, आपण नेमके कुठे आहोत याचा लीडरचा अंदाज चुकला आणि ती दोन्ही टँपा आणि सारासोटाच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात कंट्रोलरशी न बोलता शिरली. सारासोटाहून उडून वर चढत असलेल्या, कंट्रोलरच्या संपर्कात असलेल्या सेस्ना १७२ ला त्यातल्या एकाची धडक बसली. सेस्नाचा पायलट गेला. इथे न विचारता घुसलं कोण? फॉरवर्डमध्ये हा अपघात नाहीये.

"फायटरच्या रडारला सगळं दिसतं."

हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं म्हणून यावर जरा वेळ घालवतो. एफ-१६ चं रडार शत्रूचं विमान लांबून हुडकायला बनवलंय. जमिनीवरून परत येणारा कचरा स्क्रीनवर भरू नये म्हणून ते जवळ येण्याच्या वेगावरून गाळणी लावतं, आणि त्या गाळणीत हळू चालणारं, जमिनीलगतचं छोटं विमान सहज गळून जातं. मंक्स कॉर्नरच्या पायलटने सांगितलं की त्याला रडारवर वीसेक मैलांवरची टार्गेटं दिसत होती, पण समोरचं सेस्ना दिसलं नाही. ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारणारी यंत्रणा त्या विमानात होती, पण ती शत्रू-मित्र ओळखायला असते, पायलटला हाताने वापरावी लागते, ती "धडक होतेय, वर चढ" असं ओरडत नाही. ते काम टीकॅसचं, म्हणजे धडक टाळायला पायलटला इशारा देणाऱ्या यंत्रणेचं. आपण एअरबस-बोइंगमधून फिरतो त्यात ते असतं, त्या एफ-१६ मध्ये नव्हतं आणि सेस्नातही नव्हतं. करोडो डॉलरचं विमान आणि टीकॅस नाही, हे ऐकून विश्वास बसत नाही, पण तसंच होतं.

"बाहेर बघितलं असतं तर टळलं असतं."

हा दावा मला सगळ्यात क्रूर वाटतो, कारण जो माणूस उत्तर द्यायला उरलाच नाही त्याला आपण निष्काळजी म्हणतोय.

धडकेच्या मार्गावर असलेलं दुसरं विमान काचेवर सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं बसून राहतं, फक्त मोठं होत जातं, तेही बराच वेळ अगदी हळू आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम. माणसाचा डोळा हलणारी वस्तू पटकन पकडतो, थांबलेली नाही. आता हिशोब करा. अमेरिकेच्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या) मार्गदर्शनात दिलेला आकडा असा आहे की वस्तू दिसणं, ती विमान आहे हे कळणं, धडक होणार हे कळणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने ऐकणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. एफ-१६ चा वेग २५० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. तेवढ्या सेकंदांत एकटं जेटच दीड किलोमीटरच्या वर जातं. त्या अंतरावर सेस्ना १५० चे दहा मीटरचे पंख पूर्ण पसरलेले दिसले तरी हात लांब करून बोटात धरलेल्या मसुराच्या दाण्याएवढे दिसणार, आणि खाली झाडी, शेतं, पाणी या सगळ्या गोंधळात ते शोधायचं. तेही पहिल्याच नजरेत, कारण दुसऱ्या नजरेला वेळच नाही. सेस्नातून तर अजून अवघड, त्याचा पंख डोक्यावर असतो, वरून येणारं काही असेल तर पंखाच्या आड जातं.

एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, दोन्ही कॉकपिटमधून काय दिसलं असतं याचा वेगळा अभ्यासच केला. अपघाताचं मुख्य कारण म्हणून त्यांनी कंट्रोलरने वेळेत योग्य तोडगा दिला नाही हे लिहिलं, आणि त्याला हातभार लावणारं कारण म्हणून "बघा आणि टाळा" या पद्धतीच्या अंगभूत मर्यादा. सेस्नाच्या पायलटचा निष्काळजीपणा? अहवालाच्या निष्कर्षात नाही.

कंट्रोलरचं जरा सांगायला हवं, कारण फॉरवर्डमध्ये ती व्यक्तीच गायब आहे. कंट्रोलरला वाटलं सेस्ना आपल्या विमानतळाभोवतीच घिरट्या घालेल. तसं झालं नाही. मग कंट्रोलरने एफ-१६ ला सांगितलं की ट्रॅफिक (म्हणजे समोरचं विमान) दिसत नसेल तर डावीकडे १८० वर, म्हणजे दक्षिणेकडे, वळ. या "दिसत नसेल तर" मुळे पायलट आधी शोधत बसला आणि अंतर विचारून खात्री करून घेऊ लागला. पुढच्या वेळी "ताबडतोब" आलं. तेव्हा पायलटने वळण घेतलं, पण ऑटोपायलटवर, नेहमीच्या बेताने. कंट्रोलरची समजूत होती की फायटर म्हणजे जागच्या जागी गर्रकन वळणार. आणि ते डावं वळण सेस्नाच्या पुढून जाणारं होतं, म्हणजे पायलटने लगेच वळण्यावर सगळं अवलंबून. फायटर काहीही करू शकतं ही जी समजूत फॉरवर्डमध्ये आहे, तीच त्या दिवशी रडारसमोर बसलेल्या व्यक्तीच्याही डोक्यात होती.

"जेट वर उडतात, छोटी खाली, नियम पाळले तर भेटच होत नाही."

चूक. अमेरिकेत दहा हजार फुटांखाली सगळ्यांना २५० नॉटची मर्यादा आहे, पण मिलिटरीच्या ट्रेनिंग रूटवर जेट त्याहून वेगात आणि जमिनीलगत जाऊ शकतात, आणि हे रूट छोट्या विमानांना बंद नसतात. खाली उडणं हेच ज्यांचं काम त्यांचं काय? २००५ मध्ये ओक्लाहोमात टी-३७ ट्रेनर जेट आणि पिकांवर फवारणी करणारं विमान आदळलं, फवारणीचा पायलट गेला, जेटमधले दोघं इजेक्ट होऊन वाचले. १९७४ ला इंग्लंडात नॉरफोकमध्ये फँटम लढाऊ जेट आणि फवारणीचं पायपर पॉनी आदळलं, तिघं गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये फवारणीवाल्यांनी आपण कुठे उडणार ते आधी कळवायची पद्धत सुरू झाली, म्हणजे तेव्हाच कळलं होतं की डोळ्यांच्या भरवशावर हे चालणार नाही.

"पायलट उडी मारून पळाला" असंही एका व्हर्जनमध्ये आहे. मोडक्या विमानातून इजेक्ट होणं म्हणजे पळणं नाही. मंक्स कॉर्नरच्या पायलटने धडकेनंतरही विमान सांभाळायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही तेव्हा इजेक्ट झाला. छोट्या विमानवाल्याची बाजू घेताना मी त्याच्यावरही दगड मारणार नाही.

मग उपाय काय, असं कुणीतरी विचारेलच. त्याच एनटीएसबी अभ्यासात कॉकपिटमध्ये आजूबाजूचं ट्रॅफिक दाखवणारा डिस्प्ले असता तर काय झालं असतं तेही तपासलं, आणि उत्तर असं आलं की दोघांनाही एकमेकांची खबर वेळेत लागली असती. असे डिस्प्ले आता छोट्या विमानात टॅबलेटवरही चालतात. पण ते काम करायला समोरच्या विमानाने आपली जागा हवेत सांगत राहायला हवं. त्यासाठीचं एडीएस-बी अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बऱ्याच हवाई क्षेत्रात सक्तीचं झालं, मिलिटरीला मात्र काही कामांसाठी ते बंद ठेवायची मुभा राहिली. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी जेटला जे आर्मीचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकलं, ते एडीएस-बीवर आपली जागा सांगत नव्हतं. ६७ माणसं गेली. लोकवस्तीवरून, नागरी विमानतळाशेजारून जाताना ही मुभा कशाला हवी, हा प्रश्न ग्रुपमध्ये फिरवा.